सविस्तर नंतर लिहितो

फोनवर लाल अक्षरांत सूचना आली, ‘तुमची 97 टक्के जागा भरली आहे.’ डोंबिवलीहून रोज सकाळी फास्ट लोकल पकडणाऱ्या माणसाला यात घाबरण्यासारखं काय आहे, ते चटकन कळत नाही. तीन टक्के म्हणजे ऐसपैस जागा. तेवढ्यात आमच्या डब्यात आणखी बावीस माणसं, त्यांच्या पाठीवरच्या सॅक आणि टाळ-ढोलकीसह एक भजनी मंडळ मावतं. म्हणून मी दुर्लक्ष केलं. आठवड्याभरात 98 झाले, मग 99, आणि मग सूचनेची भाषा बदलली. जागा संपली की तुम्हाला ईमेल येणार नाही आणि तुमचा जाणारही नाही, असं सुनावण्यात आलं.

“महिन्याला 130 रुपये भर आणि मोकळा हो,” बायको म्हणाली. “100 जीबी मिळतात.”

प्रश्न 130 रुपयांचा नव्हता. (ज्याअर्थी मी असं म्हणतोय त्याअर्थी तो 130 रुपयांचाच होता, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेलच.) पण ही जागा विकत मिळत नाही, भाड्याने मिळते. माझ्या आजोबांनी गिरगावात पागडी देऊन घेतलेल्या खोलीचं भाडं शेवटपर्यंत महिना साडेअकरा रुपये होतं, आणि तेही ते कुरकुरत देत. त्यांच्या नातवाने, जी डोळ्यांना दिसत नाही, जिथे पाट मांडता येत नाही, जिच्या गॅलरीत टॉवेल वाळत घालता येत नाही, अशा जागेला 130 रुपये मोजायचे? आणि थांबायचं कधी? मी गेल्यावर माझे 2012 चे वीजबिलाचे ईमेल कुणाच्या तरी पैशांवर सुखाने नांदणार?

शिवाय दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती आणि माळा आवरायचं माझ्याकडे होतं. मी जाहीर केलं की यंदा आधी ईमेल आवरणार, मग माळा. खुर्चीवर बसून, चहा घेत करता येणारी साफसफाई इतिहासात पहिल्यांदाच उपलब्ध झाली होती. ती सोडण्याइतका मी मूर्ख नव्हे.

इथे आमच्या घरातले दोन पंथ सांगायला हवेत. बायकोच्या फोनवर ईमेलच्या चित्राच्या डोक्यावर न वाचलेल्या पत्रांचा आकडा आहे, तो 41 हजारांच्या पुढे गेला आहे. ती त्या आकड्याशेजारी निवांत झोपते. मला एक पत्र न वाचलेलं राहिलं तरी कुकरची एक शिट्टी बाकी असल्यासारखं होतं. मी सगळं वाचतो, वाचून ठेवतो आणि ठेवून विसरतो. ती न वाचताच विसरते. शेवटी आम्ही दोघं एकाच जागी पोचतो, फक्त माझा रस्ता लांबचा आहे.

दोष मात्र माझा नाही. दोष 1 एप्रिल 2004 या तारखेचा आहे. त्या दिवशी गूगलने जीमेल आणलं आणि प्रत्येकाला 1 जीबी जागा देऊ केली. तेव्हा हॉटमेलवर फुकटात मिळायची 2 एमबी, म्हणजे पाचशेवा हिस्सा. तारीख बघून बऱ्याच लोकांना ही एप्रिल फूलची थट्टा वाटली. त्याआधी मी डोंबिवली स्टेशनसमोरच्या सायबर कॅफेत तासाला चाळीस रुपये देऊन ईमेल वापरत होतो, आणि माझ्या वागण्यात एक शिस्त होती. पत्र उघडायचं, वाचायचं, उत्तर द्यायचं आणि पुसून टाकायचं. जेवण झालं की ताट घासून ठेवावं तसं. कुणी लग्नाचा एक फोटो पाठवला की अर्धं घर भरायचं. तो उतरवून घेतल्याशिवाय पुढचं पत्र आत येत नसे. माणसं फोटो पाठवण्याआधी फोन करून परवानगी मागत.

मग जीमेल आलं आणि म्हणालं की यापुढे काहीच फेकायची गरज नाही, ठेवा सगळं, लागेल तेव्हा शोधा. मराठी मध्यमवर्गाला हे सांगायचं! ज्या घरात श्रीखंडाचे रिकामे डबे, मिठाईच्या खोक्यांचे दोरे आणि बंद पडलेल्या मिक्सरचं झाकण ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेलं असतं, त्या घराला ‘काही फेकू नका’ हा उपदेश. बरं, तेव्हा ते खातं ओळखीने मिळायचं. ज्याच्याकडे आहे त्याने निमंत्रण दिलं तरच आत प्रवेश. आमच्या ऑफिसात अकाउंट्समधल्या एका माणसाकडे मोजकी निमंत्रणं होती आणि त्याच्या टेबलाशी माणसं रेशनच्या रांगेसारखी उभी असत. मी त्याला तीन दिवस वडापाव खिलवून ते मिळवलं. 2013 मध्ये ईमेल, फाइली आणि फोटो मिळून 15 जीबी असा हिशेब झाला. फोटोंना तरीही बरीच सूट होती, ती 1 जून 2021 पासून गेली. आधी राहायला बोलावलं, मग जेवायला वाढलं, आणि घरजावई पुरता स्थिरावल्यावर त्याच्या हातात वीजबिल ठेवलं.

पहिल्या रविवारी मी बसलो आणि तीन तासांत अकरा ईमेल पुसले. त्यातले दोन परत आणले. हा वेग बघून माझी लेक मध्ये पडली. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ईमेल ही वस्तू ती फक्त ओटीपी घेण्यासाठी वापरते. “बाबा, तू एकेक बघत बसलास तर रिटायर होशील. आधी डेटा बघू, मग काय उडवायचं ते ठरवू.”

गूगलकडे टेकआउट नावाची सोय आहे. नाव हॉटेलातल्या पार्सलचं आहे आणि काम तसंच आहे, तुमचंच जेवण बांधून तुमच्या हातात देतात. मागणी नोंदवली की काही तासांनी सगळी पत्रं एका फाइलमध्ये येतात. तिला एमबॉक्स म्हणतात. 1999 पासूनचा (जुन्या खात्यातली निवडक पत्रं मी इकडे आणली होती) माझा सगळा पत्रव्यवहार एका फाइलमध्ये एकामागोमाग एक, कपड्यांच्या बोचक्यासारखा गाठ मारून. फाइल तयार असल्याचं कळवणारा ईमेलही आला. त्याने थोडी जागा खाल्ली.

लेकीने पायथनमध्ये चाळीस ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि आकडे मांडायला घेतले. असं पूर्वी कुणी कुणी केलंय, तेही तिने मला ऐकवलं. स्टीफन वुल्फ्रॅम या गणिती संगणकवाल्याने 1989 पासून आपण पाठवलेल्या तीन लाखांहून अधिक ईमेलचा आलेख 2012 मध्ये जाहीर केला होता. प्रत्येक ईमेल म्हणजे एक ठिपका, आडवी वर्षं, उभे तास. तो कधी झोपतो, हे जगाला त्या ठिपक्यांवरून कळलं. पुढच्या वर्षी अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या लोकांनी ‘इमर्शन’ नावाचं एक साधन काढलं. ते पत्रातला मजकूर वाचतच नसे. कोणी, कोणाला, कधी लिहिलं, एवढंच बघून तुमच्या ओळखीच्या माणसांची वर्तुळं काढून देई. ज्याच्याशी जास्त व्यवहार त्याचं वर्तुळ मोठं.

“तसंच तुझं काढते,” लेक म्हणाली.

ते चित्र पडद्यावर आलं तेव्हा बायकोही पाठीमागे येऊन उभी राहिली. हे टाळता आलं असतं तर बरं झालं असतं.

मधोमध भाकरीएवढं एक वर्तुळ होतं. ती बँक. तिच्याशेजारी पोळीएवढी, नोकऱ्या सुचवणारी एक सेवा. मग पुरीएवढं एक बुटांचं दुकान, जिथून मी 2014 मध्ये एकदाच बूट घेतले होते. ते बूट टिकले दोन वर्षं, संबंध मात्र अजून टिकून आहेत. 63 हजारांवर पत्रांमध्ये हाडामांसाच्या माणसांनी लिहिलेली पत्रं पाच हजारही भरेनात. आणि कडेला, पडदा पुसायला घ्यावा असा एक तीळ होता.

“ही मी का?” बायकोने विचारलं.

बावीस वर्षांत तिने मला सतरा ईमेल पाठवले होते. सोळांत मजकूर नव्हता, नुसती अटॅचमेंट होती: गॅसच्या पुस्तकाचा फोटो, शाळेच्या फीची पावती, स्वयंपाकाच्या ताईंचं आधार कार्ड. सतराव्यात मजकूर होता. तो ‘हे बघ’ असा होता.

“आपण एका घरात राहतो, ईमेल कशाला लागतो?” मी म्हणालो.

“बँकेशी मात्र बरंच काय काय बोलतोस.”

बँकेशी मी बोलत नाही, बँक माझ्याशी बोलते, हे मी समजावू लागलो. ती दर महिन्याला आठ पानी पीडीएफ पाठवते. तिला कुलूप असतं, किल्ली म्हणजे माझ्या नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. ते उघडून बघावं तर साडेतीन हजारांवर बावीस रुपये व्याज. इतक्या रकमेला आमच्या आजीने पितळी डब्यालाही कडी लावली नसती.

पण खरा धक्का पुढे होता. माणसांपैकी सगळ्यात जास्त पत्रव्यवहार माझा कुणाशी? लेकीने यादी लावली. पहिलं नाव माझं स्वतःचंच. 2,300 च्या वर ईमेल मी मलाच पाठवले आहेत. विषय: ‘स्कॅन’, ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘नवीन फायनल’, ‘हेच फायनल’ आणि जिथे कल्पनाशक्ती अगदीच आटली तिथे ‘एएसडीएफ’, म्हणजे कीबोर्डवर डाव्या हाताची बोटं जिथे पडली तिथे. माझं पॅन कार्ड मी मला चौदा वेळा पाठवलंय. दर वेळी लागलं तेव्हा सापडलं नाही, म्हणून पुन्हा स्कॅन केलं आणि पुन्हा सापडावं म्हणून पुन्हा पाठवलं.

मला वाईट वाटायला लागलं होतं, तेवढ्यात रे टॉमलिन्सन मदतीला आला. 1971 मध्ये ज्याने एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पहिला ईमेल पाठवला आणि पत्त्यात ते @ चिन्ह बसवलं, तो अमेरिकन इंजिनिअर. त्याची दोन यंत्रं एकाच खोलीत शेजारी शेजारी होती आणि ईमेल त्याने स्वतःलाच पाठवला होता. काय लिहिलं होतं, ते त्याला पुढे आठवत नव्हतं. कीबोर्डच्या वरच्या ओळीतली अक्षरं एका दमात दाबली असतील, असं तो सांगत असे. म्हणजे ईमेलच्या जनकानेही सुरुवात एएसडीएफच्या वरच्याच मजल्यावरून केली होती. मी परंपरा सांभाळून आहे.

तासांचा आलेखही निघाला. 2010 पर्यंत सकाळी आठ ते सव्वानऊ आणि संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळात माझा एकही ठिपका नाही. त्या वेळी मी लोकलमध्ये असायचो आणि लोकलमध्ये माणूस माणसांशी बोलायचा किंवा निदान चौथ्या सीटसाठी भांडायचा. 2011 मध्ये स्मार्टफोन आला आणि ती दोन्ही भगदाडं बुजली. मात्र मजकूर पाहण्यासारखा आहे. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हाताचा अंगठा मोकळा, मागून दिव्याला उतरणाऱ्यांचा रेटा. या काळात मी साहेबांना पाठवलेल्या पत्रांत ‘रिगार्ड्‌स’ऐवजी नऊ वेळा ‘रिग्रेट्‌स’ गेलं आहे. साहेबांनी कधी हरकत घेतली नाही. त्यांना माझं काम माहीत होतं.

साहेबांवरून आठवलं. लेक झोपल्यावर मी ड्राफ्ट्‌सचा कप्पा उघडला. न पाठवलेली पत्रं तिथे असतात. तिथे माझे सात राजीनामे होते. पहिला 2006 चा. दोन पानी, जळजळीत, ‘स्वाभिमान’ हा शब्द तीनदा. दुसरा 2008 चा, दीड पान, स्वाभिमान एकदा. 2009 मध्ये घराचं कर्ज घेतलं. त्यानंतरचा तिसरा राजीनामा नऊ ओळींचा आणि त्यात साहेबांच्या मार्गदर्शनाबद्दल आभार. असं करत सातवा, 2016 चा, फक्त ‘आदरणीय सर,’ एवढाच. स्वल्पविरामानंतर काही नाही. कर्जाचा हप्ता आणि राजीनाम्याची लांबी यांचं नातं अर्थशास्त्रात कुणी मांडलंय का, मला कल्पना नाही. मांडायचं असेल तर माझ्याकडे सामग्री तयार आहे. मी अजून त्याच कंपनीत आहे.

प्रत्यक्ष सफाईची युक्ती लेकीने शिकवली. वरच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘लार्जर’ लिहायचं, त्याला विसर्ग द्यायचा आणि पुढे 10एम. दहा एमबीपेक्षा मोठी सगळी पत्रं समोर हजर. तसंच ‘ओल्डर अंडरस्कोर दॅन’, विसर्ग, 10वाय, की दहा वर्षांहून जुनी. जीमेलचं हे मंत्रशास्त्र आहे, विसर्ग चुकला की फळ मिळत नाही. पहिल्याच मंत्राला 2013 ची एक 24 एमबीची पॉवरपॉइंट फाइल बाहेर आली: सूर्योदयाचे फोटो आणि आयुष्य कसं जगावं यावर बेचाळीस स्लाइड. ती मला पाच जणांनी पाठवली होती आणि मी ती पुढे तिघांना पाठवली होती. त्या आठ प्रतींनी बारा वर्षं जागा अडवली होती, आणि आयुष्य कसं जगावं ते अजूनही कुणाला ठाऊक नव्हतं.

सवलतीच्या जाहिराती उडवणं सोपं होतं. पुन्हा येऊ नयेत म्हणून ‘नाव काढा’ असं कळवणं मात्र अवघड. निघतो म्हटल्यावर कोकणातले नातेवाईक उंबऱ्यापाशी जसे आणखी अर्धा तास थांबवतात, तशी ही मंडळी करतात. जाताय का? का जाताय? आमचं काही चुकलं का? रोज नको तर आठवड्यातून एकदा येऊ का? शेवटी वाईट वाटून मी बुटांच्या दुकानाला ‘महिन्यातून एकदा’ असं सांगून आलो.

स्पॅमच्या कप्प्यात नेहमीची मंडळी होती. न मागता घाऊक ईमेल पाठवायचा पहिला मान संगणक विकणाऱ्या गॅरी थुर्क नावाच्या अमेरिकन गृहस्थांचा, साल 1978, बळी सुमारे चारशे. पण माझे लाडके म्हणजे कोट्यवधी डॉलर कुठे ठेवायचे, या विवंचनेतले आफ्रिकी राजपुत्र. या फसवणुकीला जगभर ‘419’ म्हणतात, कारण नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातलं ते कलम. आपलं 420. एका अंकाने आपण पुढे होतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि आपलं कलम 318 झालं. आता नायजेरिया एकशे एक अंकांनी पुढे आहे आणि आपल्याकडे कुणाला ‘चारसोबीस’ म्हटलं तर तो वकिलामार्फत दुरुस्ती सुचवू शकतो.

सोसायटीच्या गच्चीच्या गळतीचा 2011 मध्ये सुरू झालेला पत्रव्यवहार हा वेगळाच ग्रंथ आहे. 214 पत्रं, त्यातली निम्मी ‘नोटेड’ आणि ‘मला या यादीतून काढा’ अशी, सगळी सगळ्यांना. मी तो जपून ठेवला आहे. गळतीही आहे.

दुसऱ्या आठवड्यात बायकोने विचारलं, किती झालं? मी सांगितलं, 94 टक्क्यांवर आलोय. “पुसत का नाहीस भराभर?” मग मला इतिहासाचा आधार घ्यावा लागला. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरची, कणग्यांतली दप्तरं गोळा करत फिरले, म्हणून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड झाले. पुण्यातल्या पेशवे दप्तरातून रियासतकार सरदेसायांनी पंचेचाळीस खंड काढले. त्या काळच्या लोकांनी माझ्यासारखं जपून ठेवलं, म्हणून ना? उद्या एखादा राजवाडे आपल्या दारात आला तर?

“तर त्याला काय देणार आहेस?” ती म्हणाली. “2017 ची पिझ्झावरची वीस टक्के सूट?”

मी लगेच चार हजार जाहिराती एका झटक्यात कचऱ्यात टाकल्या. कचऱ्यातली पत्रं जीमेल तीस दिवस ठेवतं, मग कायमची जातात. माणसाला तेरा दिवस, ईमेलला तीस.

आणि मग चित्रातल्या कडेच्या दुसऱ्या एका वर्तुळाची पाळी आली. तिळाहून मोठं, मनुक्याएवढं. अण्णा.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. चिपळुणात शाळेत मास्तर होते, हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. 2004 मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, बाजारपेठेतल्या सायबर कॅफेत जाऊन त्यांनी ईमेल शिकून घेतला. तिथल्या मुलाने त्यांना पहिली चौकट दाखवली आणि सांगितलं, इथे विषय लिहायचा. अण्णा मास्तर. विषय म्हटला की तो पूर्ण झाल्याशिवाय सोडायचा नाही, हे हाडात मुरलेलं. त्यांनी अख्खं पत्र विषयाच्या चौकटीत लिहिलं आणि खालचा भलामोठा रिकामा कागद बघून मुलाला म्हणाले, “हे कशाला?” तेव्हापासून आजतागायत त्यांचं पत्र विषयातच सुरू होतं आणि विषयातच संपतं. आत काही नसतं. सगळं रोमन लिपीत, सगळं कॅपिटलमध्ये. पाठवल्यावर ते फोन करून विचारत, “पोचलं का?” आणि पोचलं म्हटलं की त्यात काय लिहिलंय ते सगळं सांगत.

यादीत विषयाचे सुरुवातीचे आठ-दहा शब्दच दिसतात. अण्णांची पंचावन्न पत्रं मी एकाखाली एक लावली, तर पडद्यावर पंचावन्न वेळा एकच ओळ: ‘श्री. चि. यास अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की’. कारण काय ते कळायला प्रत्येक पत्र उघडणं भाग. मी उघडली. ‘एसटी पार्सलने पेटी पाठवली आहे, पाच डझन, वरचे आधी खाणे.’ ‘घराच्या पत्र्यावर माकडे.’ ‘तुझ्या मुलीचे अक्षर पाहिले, उकार पाय मोडल्यासारखे काढते, लक्ष देणे.’ 2005 च्या ऑगस्टचं एक: ‘26 जुलैला तू पोचलास का, हे तुझ्या आईकडून कळले. तुझ्याकडून कळावे ही इच्छा.’

26 जुलैला, मुंबई पाण्याखाली गेली त्या दिवशी, मी ऑफिसातून निघून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो होतो. निम्मा रस्ता छातीभर पाण्यातून चालत. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी काय उत्तर दिलं होतं, ते बघायला पाठवलेल्या पत्रांचा कप्पा उघडला. ‘ती. अण्णा, सा. न. उशिराबद्दल क्षमस्व. पोचलो. सविस्तर नंतर लिहितो.’

मी अण्णांना फोन लावला. आता ते सत्त्याऐंशीचे आहेत, फोन स्वतः उचलतात आणि “कोण?” असं विचारून उत्तर यायच्या आत ओळखतात. म्हटलं, तुमची सगळी पत्रं सापडली.

“माझी कसली? मला काय लिहिलंय ते माहिताय. तुझी होती माझ्याकडे.”

मला ती तार आठवली. त्यांच्या ओटीवर दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली, खाली लाकडी चकती, वर आकड्यासारखी वळवलेली जाड तार. आलेलं पत्र वाचून झालं की टोचायचं. पोस्टकार्डं, दुकानदाराची बिलं, घरपट्टीच्या पावत्या, सगळं वयाप्रमाणे खालून वर. माझे ईमेलसुद्धा अण्णा कॅफेत छापून घेत, पानाला पाच रुपये देऊन, आणि त्या तारेला टोचत. तिथे शोधपट्टी नव्हती, पण हवं ते पत्र ते दोन बोटांनी चाळून काढत. तार भरली की तिला वरच्या फळीवर चढवून नवीन घेत. मासिक भाडं शून्य.

“एकविसच्या पुरात गेली,” अण्णा म्हणाले. 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी त्यांच्या ओटीवरून आत शिरून खिडकीच्या वर चढलं होतं. ते दोन दिवस शेजाऱ्यांच्या माडीवर होते. “चिखलाचा गोळा झाला नुसता. तुझ्याकडे असतील ना रे ती? मग पाठव पुन्हा. मला आता बसून वाचायला वेळ आहे.”

बावीस वर्षं ‘काही फेकू नका’ हे ऐकल्याचा उपयोग व्हायचा तो असा व्हायचा होता. मी अण्णांना पाठवलेली त्रेचाळीस पत्रं शोधून काढली आणि पेन ड्राइव्हवर घालून स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याने पहिली चार-पाच पानं पडद्यावर बघितली. प्रत्येकावर वर दोन ओळी आणि खाली मोकळं मैदान.

“काका, हे सगळं एका पानात बसेल. कशाला पैसे घालवता?”

“वेगवेगळंच काढ,” म्हटलं. “तारेला टोचायचंय.”

तो काही बोलला नाही. त्रेचाळीस पानं, 86 रुपये. घरी येऊन मी ती एकदा ओळीने वाचली. फार वेळ लागला नाही. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी मनीऑर्डर पाठवली तेव्हाचं, बाबा आजारी होते तेव्हाचं, पुराच्या नंतरचंही: ‘अण्णा, काळजी घ्या. सविस्तर नंतर.’ लिफाफ्यात घालून दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टने चिपळूणला पाठवली.

त्या आठवड्याअखेर माझी जागा 71 टक्क्यांवर आली. माळा तसाच राहिला. दिवाळी झाल्यावर बघू असं ठरलं. मग परवा लोकलमध्ये, मुंब्र्याच्या अलीकडे, फोन थरथरला. ‘श्री. चि. यास अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की’. एका हाताने कडी धरून अंगठ्याने उघडलं. आत अर्थातच काही नव्हतं, सगळं विषयातच होतं. मूळ कॅपिटलमध्ये आहे, देवनागरी माझी:

‘त्रेचाळीस पत्रे पोचली. नवीन तार आणून लावली, जुनी गंजली होती. पैकी सव्वीस पत्रांत सविस्तर नंतर लिहितो असे आहे. दोनदा मोजली. ती सव्वीस इकडे आलेली दिसत नाहीत, तुझ्याकडे तपासून पाठवणे. ता. क. चष्म्याचा नंबर वाढला आहे, अक्षर मोठे ठेवणे.’